खोटी तक्रार

५ फेब्रुवारी

प्रिय काका,

नमस्कार. वाकून केलाय, आणि वाकल्यावर कंबर धरली तेही लिहून टाकते, म्हणजे ‘जॅक लावताना गुडघ्यात वाक, कमरेत नको’ हे सुनवायला तुम्ही मोकळे.

तुम्ही दादाकडे राहायला गेलात तरी गॅरेज चालू आहे. तुमच्या खुर्चीवर मी बसत नाही, बॅटऱ्या ठेवते. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तुम्हाला ‘हॅलो’च्या पुढचं काही ऐकू येत नाही आणि मग तुम्ही प्रत्येक गोष्टीला ‘बरं बरं’ म्हणत सुटता. आणि मला आत्ता ‘बरं बरं’ नकोय.

शाळेची नवी व्हॅन आठवते ना? टेकडीवरच्या शाळेची. ती चालवणाऱ्या ताई मागच्या आठवड्यात आल्या. म्हणाल्या, दुपारी मुलांना घेऊन उतरताना एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि सपाटीला आलं की आपोआप विझतो. नुसता दिवा असता तर मी इतकी घाबरले नसते. पण एकदा शेवटच्या वळणाला त्यांनी ब्रेक दाबला तर पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी थांबायला हवी होती तिथे थांबली नाही, थोडी पुढे जाऊन थांबली. रस्ता कोरडा होता. चाकं जॅम होऊ नयेत म्हणून जी व्यवस्था आहे, तीच नको तेव्हा ब्रेक सोडतेय.

मी तुमचा म्हातारबा काढला. हो, अजून तेच जुनं तपासणीचं मशीन. त्याच्या स्क्रीनचा कोपरा फुटलाय, तिथे चिकटपट्टी लावलीय. गाडीच्या कॉम्प्युटरला ‘बाबा रे, तुला काय होतंय’ हे विचारायला आपल्याकडे दुसरं आहे कोण? नव्या गाड्यांची भाषा त्याला येत नाही, म्हणून मी मध्ये बसवायला एक छोटी डबी आणलीय. तिला आम्ही दुभाष्या म्हणतो. गाडी बोलते ते दुभाष्या म्हातारबाच्या भाषेत सांगतो.

तुमच्या पद्धतीप्रमाणे आधी खोटी तक्रार लावली. इंजिनच्या हवेच्या सेन्सरचा प्लग मुद्दाम काढला आणि म्हातारबाला विचारलं. त्याने लगेच पकडलं. म्हटलं, चला, बोलणं होतंय. प्लग परत लावला आणि ब्रेकचं विचारलं. उत्तर आलं, ‘नो फॉल्ट’. मी सही करून गाडी सोडली. आणि काल ताई परत दारात उभ्या! दिवा परत लागला होता.

काका, आपली चिमणी त्याच व्हॅनमध्ये जाते. मागच्या कोपऱ्यातली सीट तिने आल्या दिवसापासून पटकावलीय. सध्या माझ्या लेकीला मी स्वतः सोडते, पण बाकीच्या मुलांचं काय? त्यांच्या आया मला रस्त्यात भेटतात, हसतात. मी काहीतरी विसरतेय, पण काय तेच सुचत नाहीये. लवकर लिहा.

तुमची,
पाना


११ फेब्रुवारी

चि. पाना, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचून आनंद झाला. हात जरा थरथरतो, म्हणून सूनबाईला सांगून हे टाइप करून घेतोय. बाकी इथे सगळं ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, झोप छान लागते, सकाळी बाल्कनीत ऊन येतं तिथे बसतो.

तू उगाच काळजी करतेस. इतकी वर्षं आपण ते मशीन वापरतोय. ते काही नाही म्हणतंय म्हणजे बरोबरच असेल. नव्या गाड्यांमध्ये असे दिवे लागतच असतात असं दादाही म्हणतो. ताईंना गोड बोलून समजाव आणि सावकाश चालवायला सांग.

कमरेला शेक घे. वेळेवर जेवत जा. तब्येत आधी, काम नंतर.

तुझा,
काका


१५ फेब्रुवारी

प्रिय काका,

पत्र वाचून जिवाला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

‘मशीन म्हणतंय म्हणजे बरोबरच असेल’ हे तुम्ही लिहिलंत? याच वाक्यासाठी तुम्ही मला एकदा पाना फेकून मारला होता. लागला नाही, तुमचा नेम पहिल्यापासून वाईट. तेव्हापासून तर माझं नाव पाना पडलं. आणि चिमणीबद्दल एक अक्षर नाही? एरवी तिला शिंक आली तरी तुमचं अख्खं पान येतं.

असो. मी गाडी परत आणून घेतली आणि मग माझी चूक मला दिसली. मी खोटी तक्रार लावली होती ती इंजिनला, आणि विश्वास ठेवला तो ब्रेकवर. आता मी मागच्या चाकाच्या सेन्सरचा प्लग काढला. समोर पिवळा दिवा ढळढळीत लागला. म्हातारबाला विचारलं, ‘नो फॉल्ट’. चारही चाकांचे प्लग काढले. ‘नो फॉल्ट’! दुभाष्याला या गाडीच्या ब्रेकची भाषा येतच नाही. तो विचारतो, तिकडून कुणी उत्तर देत नाही, तक्रारींची यादी रिकामी राहते. आणि रिकामी यादी दिसली की म्हातारबा खुशाल सांगतो, सगळं ठणठणीत. मी त्याच्यावर सही केली, काका.

व्हॅनची किल्ली माझ्या खिशात आहे. कंपनीच्या वर्कशॉपला फोन केला, त्यांच्याकडे पुढच्या महिन्याच्या शेवटी नंबर लागेल. नवं मशीन घ्यायचं तर गॅरेजचं शटरसुद्धा विकावं लागेल. शाळेच्या बाईंनी बजावलंय की पाच मार्चला परीक्षा सुरू होतात, त्याआधी गाडी दिली नाहीस तर चौकातल्या गॅरेजात नेऊ. चौकातला तो म्हणतोच आहे, दिवा ना, चुटकीसरशी बंद करतो. कसा करणार ते मला ठाऊक आहे. दिव्याची वायर कापून. मग दिवा कधीच लागणार नाही आणि सगळे खूश.

दिवा गॅरेजमध्ये आपोआप लागतच नाही, हीच पंचाईत आहे. मी वायर हलवून पाहिल्या, चाकं फिरवून पाहिली, टेकडीवरून रिकामी गाडी दोनदा उतरवली. काही नाही. कुठे बघू?

दुभाष्यासाठी मात्र एक प्रयोग केलाय. त्याला जोर कमी पडतोय असं वाटलं, म्हणून डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधली सोळा नंबरची वायर सरळ बॉडीला जोडून टाकली. आता तो नीट बोलेल असं वाटतंय. बरोबर केलं ना?

पाना


२० फेब्रुवारी

चि. पाना, अनेक आशीर्वाद.

सोळा नंबरची वायर जोडलीस ते छान केलंस. तुझं डोकं पहिल्यापासूनच चालतं. शाबास! असेच नवे नवे प्रयोग करत राहा, म्हणजे जुनं मशीनही नव्या गाड्यांना उपयोगी पडेल.

चिमणीला गोड पापा. शाळेच्या बाईंशी वाद घालू नकोस. इथे सगळं ठीक आहे. काळजी नसावी.

तुझा,
काका


२३ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र काकांना नाही, तुला आहे. कुरियरने पाठवतेय आणि तुझ्या हातात पडावं म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. फोन केला असता तर तू ‘सगळं ठीक’ म्हणाली असतीस आणि मी ऐकून घेतलं असतं.

काका कसे आहेत? खरं सांग.

सॉकेटमध्ये सोळा नंबरला थेट बॅटरीचा करंट असतो. तो बॉडीला जोडला की ठिणगी उडते, फ्यूज जातो, नशीब वाईट असेल तर वायरही जळते. गॅरेजमध्ये पाऊल टाकलेल्या कुणालाही पहिल्या दिवशी हे शिकवतात. मी अर्थातच तसं काही केलेलं नाही. मी काकांना खोटी तक्रार लावली होती. हे वाचून त्यांचं डोकं भडकायला हवं होतं. चार पानं शिव्या यायला हव्या होत्या. आणि पत्र काय आलं, ‘शाबास’!

पहिल्या पत्रातच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. काकांनी आयुष्यात कधी कुणाला वेळेवर जेवायला सांगितलेलं नाही, स्वतःच चार वाजता जेवायचे. पण मला ‘सगळं ठीक’ हवं होतं, म्हणून मी ते घेतलं.

मी तुझ्यावर चिडलेय का? हो, चिडलेय. मी ब्रेकबद्दल विचारत होते गं. तू ‘बरोबरच असेल’ लिहून पाठवलंस. त्या दिवशी मी ते खरं धरलं असतं तर? पण चिडण्यापेक्षा घाबरलेय जास्त. काका आहेत ना? एवढं तरी पहिल्या ओळीत लिही.

पाना


२६ फेब्रुवारी

पाना,

आहेत. आत्ता माझ्यासमोर बाल्कनीत बसलेत आणि माझ्याकडे डोळे वटारून बघतायत.

जानेवारीत त्यांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. बोलतात, पण काय बोलतात ते आम्हाला कळत नाही, आणि आम्हाला कळलं नाही की ते भिंतीकडे तोंड करून बसतात. डॉक्टर म्हणतात, समजतं त्यांना सगळं. तुझा दादा म्हणाला, पानाला कळवलं तर ती गॅरेजला कुलूप लावून इथे येऊन बसेल. मी बाबांना विचारलं, पानाला कळवू का? त्यांनी मान हलवली. मी ती ‘नको’ अशी धरली. आता वाटतं, मी मला हवी तशी धरली.

तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवायचे. पण गॅरेजचं आलं की गाळायचे. एक तर मला ते कळत नाही, आणि त्यांचं ब्लडप्रेशर वाढायला नको. पाना मजेत आहे, चिमणी शाळेत जाते, एवढंच सांगायचे. म्हणजे तुलाही सगळं ठीक, त्यांनाही सगळं ठीक. माझ्या मनाला किती बरं वाटत होतं म्हणून सांगू! ब्रेकचं मी काय लिहून बसले ते आता वाचवत नाही. मला वाटलं, तुम्हा लोकांची ती नेहमीचीच कुरकुर असेल. माझ्या हातून मोठी चूक झाली.

काल तुझं पत्र आलं. घरी आले आणि तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून, एक शब्द न गाळता, त्यांना वाचून दाखवली. दिवा, पेडल, म्हातारबा, सगळं. मग सोळा नंबरची ओळ आली. अगं, त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उडवला! तोंडातून जे काही निघालं ते शब्द म्हणून मला कळलं नाही, पण शिवी होती हे शेजाऱ्यांनाही कळलं असेल. मी हसायला लागले आणि मग रडायलाच लागले. इतक्या दिवसांत त्या माणसाला राग म्हणून आला नव्हता. आम्ही समजत होतो, बाबा किती शांत झालेत.

पण एक नवी काळजी आहे. तेव्हापासून ते पलंगाच्या पायथ्याचा डावा कोपरा सारखा दाबतायत. हाताने जोर लावून खाली दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. मग माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, गादी टोचते का? तर मान जोरात हलवून परत तेच. पलंग कुरकुरतो, पण ऐकत नाहीत. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले अस्वस्थपणा असेल, झोपेची गोळी द्या. देऊ का? मला भीती वाटतेय, डोक्यात काही बिघडलं तर नसेल ना?

वहिनी


१ मार्च

वहिनी,

गोळी देऊ नकोस! देऊन झाली असेल तर पुढची देऊ नकोस. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालू आहे. हे आणि पुढचं सगळं त्यांना मोठ्याने वाच, डाव्या, चांगल्या कानाशी.

काका, कळलं.

गाडीचा कोपरा दाबून बघायचा. मी रिकामी व्हॅन टेकडीवरून उतरवत होते, आणि ताई भरलेली. मुलं बसली की मागचा भाग खाली बसतो, उतारावर ब्रेक मारला की गाडी आणखी हलते. माझ्या डोक्यात हे आलंच नाही, कारण मी म्हातारबाच्या स्क्रीनकडे बघत बसले होते.

आता ऐका कसं केलं. आधी व्हॅनमध्ये बॅटऱ्या आणि जुनी टायरं भरली. मागचा भाग म्हणावा तितका बसेना. मग मी रस्त्यावर जाऊन हाका मारल्या. शेजारचा टेलर आला, गळ्यात टेप तसाच. न्हावी आला आणि त्याच्यामागून त्याचं गिऱ्हाईकही आलं, एका गालाला साबण. औषधाच्या दुकानातल्या मावशी ‘मला कशाला, मला कशाला’ म्हणत सगळ्यात आधी चढल्या, आणि खरं सांगते, खरा उपयोग त्यांचाच झाला. ताई स्टिअरिंगवर बसल्या. मी मागचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. काही नाही. परत दाबला. काही नाही. माझे तळवे घामाने घसरत होते. न्हाव्याचं गिऱ्हाईक विचारत होतं, अजून किती वेळ? तिसऱ्यांदा अंगातला सगळा जोर लावला आणि ताई ओरडल्या, ‘लागला!’

गाडीत टाळ्या वाजल्या. टेलरला कशाला वाजवायच्या ते माहीत नव्हतं, त्यानेही वाजवल्या. मी तिथेच टायरवर बसले.

खाली शिरून पाहिलं. मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर जिथे बॉडीला अडकवलेली असते, तिथली क्लिप तुटलेली. वजन आलं की वायर लोंबून स्प्रिंगच्या कडेला घासत होती. वरचं कव्हर सोललं होतं आणि आतली तार लोखंडाला टेकत होती. टेकली की गाडीला वाटायचं, चाक जॅम झालं, आणि ती ब्रेक सोडायची. गाडी सपाटीला आली किंवा रिकामी असली की तार सुटायची आणि दिवा विझायचा. चिमणीची सीट बरोबर त्याच्यावर आहे. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतेय.

नवी वायर मागवून बसवली. क्लिप दोन लावल्या. परत सगळ्यांना बसवून टेकडी उतरलो, मावशी आता उतरायला तयार नव्हत्या. दिवा लागला नाही. मग मी त्या चाकाचा प्लग काढला, दिवा लागला. लावला, विझला. म्हणजे दिवा तरी खरं बोलतोय. त्यानंतरच सही केली. शाळेच्या बाई गाडी घेऊन गेल्या. उद्यापासून चिमणी तिच्या कोपऱ्यात.

पण काका, भीती काही गेलेली नाही. म्हातारबाच्या ‘नो फॉल्ट’वर मी आजवर किती गाड्या सोडल्या असतील? दुभाष्या आणल्यापासूनच्या सगळ्यांना बोलावून घेतेय. इंजिनला वेगळी खोटी तक्रार, ब्रेकला वेगळी, एअरबॅगच्या प्लगला हात लावायचा नाही, ती अंगावर फुटायची, तिथे सरळ सांगायचं की आमच्या मशीनला हे कळत नाही. काल एका गिऱ्हाइकाला तसं सांगितलं तर तो चौकातल्याकडे गेला. जाऊ दे.

म्हातारबाला ठेवू की काढून टाकू, एवढंच सांगा. तुम्ही ठेव म्हणालात तर ठेवेन. मान हलवा, फक्त वहिनी, या वेळी नीट बघ कशी हलवतात ते.

पाना


९ मार्च

पाना,

तुझं पत्र मी दोनदा वाचून दाखवलं. औषधवाल्या मावशींचं आलं तेव्हा ते हसले. तोंड एका बाजूने हसलं, पण हसले. पलंग दाबायचं त्याच दिवशी थांबलं.

मान हलवली नाही. कागद मागितला. डाव्या हाताने लिहायला अख्खा रविवार लागला. मधेच पेन फेकलं, मी उचलून दिलं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते, तर माझ्याकडे असं बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. सोबतचा कागद तो. मी त्यात काही जोडलेलं नाही आणि काही गाळलेलं नाही.

वहिनी


पाना,

सोळा नंबर बॉडीला. गाढव. खोटं लिहितानाही हात कसा धजला.

म्हातारबा ठेव. तो खोटारडा नाही. बहिरा आहे. ऐकू येतं तेवढंच विचार.

सूनबाईला बोलू नकोस. रोज दाढी करून देते.

चिमणीला पुढची सीट.

मी ठीक नाही. ये.

येताना तेराचा पाना आण. पलंगाचा बोल्ट ढिला झालाय.

काका